आनंदाचा हिशेब

दादरला राहणाऱ्या, बँकेच्या सेवेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका जुन्या वाचकांनी आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत बॉस्टनला असतो. जुलैअखेरीस त्याने आईवडिलांना एक छायाचित्र पाठविले. टँगलवूडच्या हिरवळीवर सतरंजी अंथरलेली, डबा उघडलेला, डब्यात थालीपीठ, आणि पलीकडे मोठ्या छपराखाली वाद्यवृंदाचे वादन चाललेले. पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला की, कर्करोगाच्या संशोधनासाठी तो दोन दिवसांत सुमारे तीनशे किलोमीटर सायकल चालविणार आहे. तेव्हा बाबांनीही फूल ना फुलाची पाकळी द्यावी. बाबांनी पैसे पाठविले. परंतु आम्हांस ते लिहितात, "पैसेच द्यावयाचे तर मुकाट्याने द्यावेत, त्यासाठी सायकल कशाला चालवावयाची? आधी मौज करावयाची आणि मग परोपकाराचीही मौजच करावयाची, हे कसले दान?"

प्रश्न उपहासाने विचारलेला नाही. म्हणून तो उपहासाने उडवून लावण्याजोगाही नाही. शिवाय तो केवळ बॉस्टनपुरता राहिलेला नाही. मुंबईत २००४ सालापासून दर जानेवारीत मॅरेथॉन भरते, हजारो स्त्रीपुरुष पहाटेच्या गारव्यात धावतात आणि त्या निमित्ताने अनेक सेवाभावी संस्थांसाठी निधी उभा राहतो. हे दृश्य पाहून पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या मनात हाच प्रश्न उठतो. या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये, आणि देताना आपल्याला थोडी तरी झळ पोहोचावी, या संस्कारात आपण वाढलो. दानाबरोबर हसू दिसले की आपल्याला ते दान संशयास्पद वाटू लागते. हा संशय कितपत रास्त आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम त्या हिरवळीकडे वळू. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेस बर्कशायरच्या टेकड्यांत टँगलवूड आहे. टॅपन कुटुंबाने आपली ती जागा बॉस्टनच्या सिंफनी वाद्यवृंदास देणगीदाखल दिली आणि १९३७ च्या उन्हाळ्यात सर्गेई कुसेवित्स्की यांच्या नेतृत्वाखाली तेथे तंबूत मैफली सुरू झाल्या. त्या वर्षीच्या १२ ऑगस्टला वाग्नरच्या रचनांचे वादन चालू असता वादळी पाऊस कोसळला. तंबूच्या कापडावर आदळणाऱ्या सरींपुढे वाद्यांचे काही चालेना. तेव्हा महोत्सवाच्या प्रमुख संघटक गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ मंचावर गेल्या आणि त्यांनी श्रोत्यांपुढे तेथल्या तेथे कायमच्या छपरासाठी झोळी पसरली. एलिएल सारिनेन या विख्यात वास्तुकाराने केलेला आराखडा खर्चात बसेना. एवढ्या पैशांत निव्वळ एक छपरी उभी राहील, असे त्यांनी बजावले. मग जोसेफ फ्रान्झ या स्थानिक अभियंत्याने ती छपरीच उभी केली. १९३८ साली तिच्याखाली सूर घुमले. पाच हजारांवर श्रोते सामावून घेणाऱ्या त्या वास्तूला लोक आजही 'शेड' असेच म्हणतात. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५८ साली टँगलवूडलाच तरुण वाद्यवृंद-संचालकांच्या स्पर्धेत दुसरे आले होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, आज त्या हिरवळीवर सतरंजी पसरणारा तरुण पूर्वी कोणीतरी केलेल्या दानावरच बसलेला असतो. एका कुटुंबाने जमीन दिली आणि पावसाने ज्यांच्या मैफलीवर पाणी फिरविले त्या रसिकांपुढे छपराची झोळी फिरली. मौज आणि दान यांत आपण जी भिंत कल्पितो, ती तेथे पहिल्यापासूनच नव्हती.

आता सायकलींचे पाहू. त्याच राज्यात १९८० साली बिली स्टार या तरुणाने पॅन-मॅस चॅलेंज नावाचा उपक्रम आरंभिला. त्याची आई १९७४ मध्ये कर्करोगाने गेली होती. पहिल्या वर्षी ३६ सायकलस्वार निघाले आणि १०,२०० डॉलर जमले. आज ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी सहा हजारांहून अधिक लोक या यात्रेत उतरतात. तिचा परिचित लांब मार्ग स्टरब्रिजपासून समुद्रात घुसलेल्या केप कॉडच्या टोकावरील प्रोव्हिन्सटाउनपर्यंत जातो. वाटेत पाणी देणारे, पंक्चर काढणारे, दुखापतींवर उपचार करणारे स्वयंसेवकही हजारोंनी असतात. आरंभापासून जमलेल्या निधीची एकूण रक्कम २०२४ साली एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हा पैसा बॉस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेस जातो.

या संस्थेचा आरंभही लोकांच्या वर्गणीशी आणि एका गाण्याशी निगडित आहे. सिडनी फार्बर यांच्या उपचाराखाली असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाच्या खाटेपाशी १९४८ च्या मे महिन्यात बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू गोळा झाले. मुलाने आणि खेळाडूंनी मिळून आपल्या खेळाचे गाणे गायिले आणि आकाशवाणीवरून ते देशभर ऐकू गेले. मुलाचे खरे नाव गुप्त ठेवून त्याला 'जिमी' म्हटले होते. त्याला सामने पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच मिळावा, एवढेच मागणे होते. संच तर आलाच. त्या वर्षात दोन लाख डॉलरहून अधिक निधीही आला आणि 'जिमी फंड' जन्मास आला. तो मुलगा केव्हाच गेला असावा, असा बहुतेकांचा समज होता. परंतु १९९८ साली, पन्नास वर्षांनी, आइनर गुस्ताफसन नावाचे साठी उलटलेले गृहस्थ पुढे आले. तेच 'जिमी' होते.

याच सुमारास, १९४८ साली, फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांवरील उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा बालकांपैकी दहांना तात्पुरता का होईना, उतार पडला होता. ज्या अमिनोप्टेरिन औषधाने हे घडले, ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातील संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. त्या औषधाचे सख्खे भावंड म्हणता येईल असे मेथोट्रेक्सेट आजही जगभर बालकांना दिले जाते. मुंबई त्याला अपवाद नाही. तेव्हा बॉस्टनच्या पैशाशी आमचे काय देणेघेणे, असे पत्रलेखकांनाच काय, कोणालाच म्हणता येणार नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. धनादेश लिहून भागते, तर सायकल कशासाठी? याचे उत्तर आम्हांस आमच्या शिक्षकी पेशातील एका आठवणीत सापडते. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळेत शिकवीत असू. भूकंपग्रस्तांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक पावतीपुस्तक दिले होते. एका मुलाच्या वडिलांनी सगळे पुस्तक एकट्यानेच घेऊन टाकले; दुसऱ्या सकाळी पूर्ण रक्कम हजर. दुसरा मुलगा चाळीतून चार संध्याकाळी हिंडला. काही दारे त्याच्या तोंडावर लागली. एका म्हातारीने कनवटीचे दोन रुपये काढून दिले आणि विचारले, "पोरा, तिकडे पाऊस पडतोय का रे?" त्याला उत्तर देता आले नाही. त्याने ते आम्हांस विचारले. आणि पुढे महिनाभर तो मुलगा रोज शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्र उघडून किल्लारीची बातमी शोधीत असे. त्याची रक्कम पहिल्या मुलाहून कमी भरली. परंतु आपल्या गावापासून दूर कोणी उघड्यावर झोपले आहे, ही जाणीव त्याने स्वतःबरोबर एका अख्ख्या चाळीत पोहोचविली होती.

सायकलीचे प्रयोजन हेच आहे. त्या यात्रेतील प्रत्येकाने ठरलेली किमान रक्कम जमविण्याची हमी दिलेली असते. न जमल्यास ती त्याला स्वतः भरावी लागते. म्हणजे आधी त्याला नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, कचेरीतील सहकाऱ्यांकडे हात पसरावा लागतो आणि प्रत्येकाला त्या रोगाविषयी दोन शब्द सांगावे लागतात. मार्गात एके ठिकाणी उपचार घेणाऱ्या बालकांची छायाचित्रे लावलेली असतात. कर्करोगातून वाचलेले लोक स्वतः सायकल चालवीत असतात. अशा वेळी पायाला आलेला गोळा हा पैशाचा मोबदला नसतो, तर मागणाऱ्याच्या मागण्याला त्यामुळे वजन येते. दादरच्या आमच्या वाचकांनी पैसे पाठविले, मनात कुरकुरले आणि शेवटी संपादकांना पत्र लिहिले. मुलाची सायकल एवढ्या दूरवर पोहोचली, हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

आणि ही काही अमेरिकेहून आलेली नवलाई नव्हे. १९२१ च्या जुलैत याच मुंबईत बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी नट टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. त्या रात्री प्रेक्षक नाट्यपदांचा आनंद लुटावयास गेले होते की स्वराज्यास वर्गणी द्यावयास? दोन्हीसाठी, आणि त्यात कोणास विसंगती वाटली नाही. १९८५ साली बाबा आमटे कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेस निघाले, तेव्हा पाठीच्या दुखण्याने स्वतः वाहनात पडून असलेल्या त्या वृद्धाबरोबर तरुणतरुणी सायकलींवर होते. पंढरीची वाट तर शतकानुशतके गात आणि चालतच तुडविली जाते. सूर आणि श्रम यांची फारकत आमच्या परंपरेला मान्य नाही; ती आम्ही शहरी मध्यमवर्गीयांनी आपल्या मनात करून घेतली आहे.

एवढे म्हटल्यावर पत्रलेखकांच्या संशयातील खरा अंशही मान्य केला पाहिजे. परोपकाराच्या नावाने केलेल्या आनंदावर एक ऋण चढते, आणि ते हिशेब देऊनच फेडता येते. पॅन-मॅस चॅलेंजमध्ये २००७ पासून सायकलस्वारांनी जमविलेला प्रत्येक डॉलर पूर्णपणे संस्थेस दिला जातो. आयोजनाचा खर्च त्यातून काढीत नाहीत. आमच्याकडील प्रत्येक धाव, प्रत्येक सायकलफेरी आणि मदतीसाठी भरविलेली प्रत्येक मैफल या कसोटीला उतरेल काय? सदरे, पदके, फलक आणि पाहुण्यांचे पुष्पगुच्छ यांत किती गेले आणि रुग्णाच्या उशाशी किती पोहोचले, हे दोन आकडे कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत प्रसिद्ध झालेच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. जो आयोजक ते सांगावयास कचरतो, त्याने खुशाल स्पर्धा भरवावी. परोपकाराचे नाव मात्र घेऊ नये.

दुसरी मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. ज्या दुःखाला चेहरा मिळतो त्याकडे पैसा वाहतो. 'जिमी'ला गोड आवाज होता आणि एक आवडता संघ होता. ज्या रोग्याला आवाज नाही, ज्याच्यासाठी सायकल चालविणारा मुलगा बॉस्टनला नाही, त्याचे काय? त्याची जबाबदारी शासनाची आहे आणि ती सायकलस्वारांच्या खांद्यावर ढकलता येणार नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली एका न्यासाच्या औदार्यातून उभे राहिले. पण त्याचा आजचा पसारा १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाच्या आधारावर चालला आहे. दानाने वाट दाखवावी, राज्याने ती रुंद करावी, हाच क्रम योग्य होय.

पत्रलेखकांना आमचे सांगणे एवढेच आहे. मुलाने हिरवळीवर बसून संगीत ऐकले याबद्दल त्याला अपराधी वाटू देऊ नका. आनंद घेता येणारे मनच दुसऱ्याच्या दुःखाने लवकर हलते, असा आमचा अनुभव आहे. पुढच्या फोनवर त्याला विचारा, वाटेत कोणाचे छायाचित्र पाहिलेस आणि चढावर कोणाची आठवण आली. आणि फोन खाली ठेवल्यावर एक दिवस घराबाहेर पडा. उपचारासाठी परगावाहून आलेली, पदपथावर चूल मांडणारी कुटुंबे परळला भेटतील. त्यांपैकी एखाद्या बापाला तपासणीचा कागद मराठीत समजावून सांगणारा, रांगेत त्याच्यासाठी उभा राहणारा माणूस हवा असतो. मुलाने तीनशे किलोमीटर सायकल चालविली. तुमच्या दादरहून परळ एकाच स्थानकावर आहे.