पडद्यापलीकडचा विद्यार्थी

ऑनलाइन अभ्यासक्रम रचणे हे आता महाविद्यालयीन शिक्षकाच्या कर्तव्यांतच गणले जाऊ लागले आहे. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. एका सत्रातील किती विषय त्यावरून पूर्ण करता यावेत, याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्के ठरविली होती. २०२१ च्या विनियमांनी ती ४० टक्क्यांवर नेली. तेव्हा हा प्रश्न केवळ तंत्राचा राहिलेला नाही.

ही विद्या शिकू लागताच प्रस्तुत लेखकाच्या अहंकारास पहिला धक्का बसला. पाठाच्या आरंभी ‘शिक्षक काय सांगणार’ हे नव्हे, तर ‘विद्यार्थ्यास काय करता येईल’ हे लिहावे लागते. वर्षानुवर्षे दिलेल्या व्याख्यानांना ही कसोटी लावली असता त्यांतील बराचसा भाग केवळ पाल्हाळ होता, हे कबूल करणे भाग पडले.

अर्थात हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने प्रथम कुलगुरू राम ताकवले यांच्या काळापासून स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांवर भर दिला. शिक्षक समोर नसताना शिकणाऱ्याच्या मनातील शंका आधीच ओळखावयाची, हेच त्या रचनेचे मर्म होय.

‘स्वयम्’च्या अभ्यासक्रमास चार अंगे असतात : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. पैकी पहिली तीन एकदा सिद्ध केली की पुरतात. चौथ्यासाठी मात्र शिक्षकाने रोज हजर असावे लागते. म्हणूनच तेच सर्वांत दुर्बल राहण्याचा संभव अधिक.

नागभीडसारख्या ठिकाणी या दुर्बलतेची किंमत मोठी आहे. येथील विद्यार्थी रोवणीच्या दिवसांत बांधीत असतो, घरी झाडीबोली बोलतो, आणि जंगलालगतच्या गावात मोबाइलचे जाळे मिळेलच याची त्यास खात्री नसते. झाडीपट्टीचा नट रात्रभर प्रेक्षकांचा चेहरा वाचून आपला स्वर सांभाळतो. कॅमेऱ्यापुढील शिक्षकास तो चेहरा दिसत नाही. त्याची उणीव रचनेनेच भरून काढावी लागते. चित्रफीत आटोपशीर हवी, ध्वनिफीत व मजकूर एकदा उतरवून घेता यावा, उदाहरण धानाच्या हिशेबाचे असावे, आणि प्रश्नास उत्तर देणारे माणूस असावे.

येथेच खरा धोका संभवतो. शिक्षकाचे पद रिक्त ठेवावयाचे आणि त्याच्या जागी तयार अभ्यासक्रम दाखवावयाचा, हा मोह कोणत्याही व्यवस्थापनास होऊ शकतो. शहरातील विद्यार्थ्यास शिकवणी, ग्रंथालय, मित्रमंडळ असे अन्य आधार असतात. वनप्रदेशातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यास पुष्कळदा महाविद्यालयातील शिक्षक हाच एकमेव आधार असतो. तोच काढून घेतल्यास ४० टक्क्यांची मुभा ही सवलत न ठरता वंचना ठरेल.

नागपूर-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. लोहमार्ग रुंद करावयाचा तर जुने रूळ उखडावेच लागतात. शिक्षणाचा मार्ग रुंद करताना मात्र तसे करून चालणार नाही. अभ्यासक्रम रचणाऱ्या शिक्षकाच्या कार्यभारात त्या कामाचे व चर्चेचे तास धरले जावेत आणि रिक्त पदे भरली जावीत. एवढे झाले तरच पडद्यापलीकडच्या विद्यार्थ्याशी आपले नाते टिकेल.