फाटलेलं दूध, कडवट दूध

रमज़ानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बहिणीच्या लेकीचा इंग्लंडहून फोन आला. "खाला, दूध बिघडल्यासारखं वाटतंय, पण फाटत नाही. काय करू?" तिच्या घरात दीड वर्षाचं पोर. आम्ही सोनपेठच्या सवयीने सांगून टाकलं, "फेकू नकोस. लिंबू पिळ, छेना होईल, साखर घालून पोराला दे." रिज़्क वाया घालवायचं नाही, हे अम्मीने आमच्या हाडात मुरवलेलं. तिने थेंबभर चाखलं आणि म्हणाली, "आंबट नाही खाला, कडू आहे." मग मात्र आम्ही घाईने म्हटलं, "थांब, ओतून दे!"

फोन ठेवल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. वर्गात आम्ही हेच शिकवतो.

आपल्याकडचं दूध बहुधा आंबतं. दह्याचे जंतू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. लुई पाश्चर यांनी 1857 साली हे जंतूंचं काम असल्याचं दाखवलं. या जंतूंना ऊब मानवते, आणि परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्यात आपल्या घरी रोज दही लागतं. तोच डाव, तेच पातेलं, तोच हात. उकळून ठेवलेल्या दुधात विरजण नकळत पडतं. आम्ल वाढलं की दुधातली प्रथिनं एकत्र येतात आणि दूध फाटतं. थोडंसं आम्ल असेल तर जिभेला कळतही नाही, पण शेगडीवर ठेवताच गुठळ्या होतात. शीरखुर्म्याच्या सकाळी कितीतरी घरांत हे घडतं आणि दोष बिचाऱ्या दूधवाल्याला जातो. (दोष असतोही कधी. दूध टिकावं म्हणून खायचा सोडा घालणारे आहेत. कायद्याने ती भेसळ आहे.)

इंग्लंडात गोष्ट वेगळी. तिथलं बहुतेक दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात आणि दुकानापासून घरापर्यंत ते थंडच राहतं. दह्याचे जंतू बहुतेक तापवण्यातच मरतात, उरलेल्यांना गारठ्यात वाढ नाही. पण थंडीत वाढणारे दुसरे जंतू आहेत. ते साखरेऐवजी प्रथिनांवर आणि स्निग्धांशावर ताव मारतात. त्यातून आम्ल नाही, कडवटपणा आणि घाण वास येतो. फ्रान्ससारख्या देशांत आणखी तिसरी तऱ्हा. तिथे काही सेकंदांसाठी 135 अंशांच्या वर तापवून खोक्यात बंद केलेलं दूध खूप चालतं. ते फ्रिजबाहेर महिनोन् महिने राहतं, फोडलं की मात्र थंड ठेवून थोड्या दिवसांत संपवावं लागतं.

हे परदेशाचं कौतुक ऐकून काय करायचं, असं एखादी भगिनी म्हणेल. पण आता सोनपेठेतही पिशवीचं दूध आलं, घरोघर फ्रिज आले. चार दिवस फ्रिजात पडलेली पिशवी इथेही कडू होते आणि आपण अम्मीच्या हिशोबाने तिचा कलाकंद करायला बसतो. ताजं दूध नुकतंच आंबून फाटलं असेल तर छेन्याला हरकत नाही. कडू, बुळबुळीत किंवा वास मारणारं दूध मात्र लेकरांच्या पोटात जाऊ नये. काही जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. अशा दुधाला रिज़्क म्हणून जपण्यात सवाब कसला?

रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद हदीसमध्ये आहेच. दुधाच्या पातेल्याला ती आधी लागू करावी. कालच्या दुधात आजचं ओतू नये, एवढंही पाळलं तरी बरंच दूध वाचेल.

यंदा चाँद रातीला आम्ही दूध घेतलं आणि ईदच्या पहाटे आधी पळीभरच छोट्या वाटीत उकळून पाहिलं. फाटलं नाही. मग तीन लिटरचं पातेलं चढवलं. तिकडे लेकीनेही पळीभर उकळूनच शीरखुर्मा केला, आणि शेवया किती घालायच्या ते विचारायला पुन्हा फोन केला.