कठोर शिक्षक आणि पालकांचा प्रश्न

मुलाला निवासी शाळेत ठेवून गावाकडे परतणाऱ्या पालकाच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. तो मोठ्याने मात्र क्वचितच विचारला जातो. 'इथले गुरुजी फार कडक आहेत म्हणतात. माझ्या लेकराला ते सोसेल ना?' शहरातील आई संध्याकाळी मुलाचा चेहरा पाहून त्याचा दिवस कसा गेला हे ओळखते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांना तो चेहराच कित्येक महिने दिसत नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या प्रश्नाचा विचार व्हावा, असे मला वाटते.

ज्या विद्येत शरीराची कसोटी लागते, तेथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मल्लखांब, कुस्ती, नृत्य यांत चुकीचा सराव इजा करतो आणि अपुरा सराव विद्यार्थ्याला पुढे जाऊ देत नाही. पाश्चात्त्य बॅले हे तर याचे टोकाचे उदाहरण होय. त्याचे शिक्षण साधारणतः आठव्या-दहाव्या वर्षी सुरू होते आणि एकेक हालचाल निर्दोष होईपर्यंत वर्षानुवर्षे घोटून घेतली जाते.

हे उदाहरण आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. मुंबईत येहुदा माओर या कडक शिस्तीच्या बॅले-शिक्षकांकडे दोन गरीब घरांतील मुले शिकली. त्यांपैकी अमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा. २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये त्याची निवड झाली. दुसरा मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा. त्यांच्या वाटचालीवर सूनी तारापोरवाला यांनी 'ये बॅले' हा चित्रपट काढला. २०२० साली आलेल्या या चित्रपटात मनीषने स्वतःचीच भूमिका केली. त्यातील शिक्षक रागीट आहे, पण मुलांच्या भवितव्यासाठी तोच धडपडतो. कठोर शिक्षक मुलाच्या आयुष्याचे सोने करू शकतो, हे येथे मान्य केलेच पाहिजे.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराची बॅले अकादमी जगप्रसिद्ध आहे. तेथे विद्यार्थ्यांना अपमानास्पद आणि कठोर वागणूक मिळते, अशा तक्रारी २०१९ साली उघडकीस आल्या. चौकशीसाठी विशेष आयोग नेमण्यात आला. मुलांच्या आरोग्याची पुरेशी काळजी घेतली जात नाही, सडपातळ राहण्यासाठी त्यांना धूम्रपान करण्यासही सुचवले गेले, असे त्याच्या अहवालात नमूद झाले. संस्थेची कीर्ती मोठी होती. म्हणूनच बहुधा आत काय चालते हे विचारण्याचा धीर लवकर कोणाला झाला नसावा.

मग कठोरपणा आणि छळ यांतील सीमारेषा कोठे काढावी? माझ्या मते, कठोरपणा विद्येचा असावा, शिक्षकाच्या रागाचा नसावा. पाऊल चुकले तर तेच पाऊल दहा वेळा टाकायला लावणे ही विद्येची मागणी होय. पाऊल चुकले म्हणून मुलाची जात, त्याचे घर किंवा त्याचा देह यांवरून त्याला हिणवणे ही विद्येची मागणी कधीच नसते. आपल्या जिल्ह्याला हा फरक नवा नाही. काठीच्या होळीत मोरपिसांचे टोप घालून, कमरेला भोपळे बांधून रात्रभर नाचणारे बावा कडक नेम पाळतात. ते कष्ट थोडे नसतात. पण ते व्रत माणसाने स्वतः स्वीकारलेले असते आणि सारा गाव त्याला साक्षी असतो.

या संदर्भात सोण भिक्खूची कथा आठवते. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त येऊ लागले, तेव्हा तथागत त्याच्याकडे गेले. वीणेची तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती नीट वाजते का, असे त्यांनी विचारले. या कथेतून आपण मध्यम मार्गाचा बोध घेतो, तो योग्यच आहे. पण आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : गुरूने शिष्याच्या पायांकडे पाहिले, त्याला प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले.

कायद्यानेही ही बाब स्पष्ट केली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा आणि त्याचा मानसिक छळ या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. तरीही 'मारा, पण शिकवा' असे सांगणारे पालक आजही भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण जो अधिकार त्यांना देता येत नाही, तोच ते शिक्षकाच्या हाती देऊन जातात.

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक निवासी शाळेने नेमाने कराव्यात. सरावाची खोली पालकांसाठी उघडी असावी. गावाबाहेर गेलेल्या आई-वडिलांशी मुलाला ठरलेल्या वारी, शिक्षक जवळ नसताना, फोनवर बोलता यावे. दुखते असे मुलाने सांगितले, तर त्याला आळशी न ठरवता आधी तपासावे. पालक सभा केवळ निकाल ऐकवण्यासाठी नसावी. पाड्यावरून आलेल्या आईला तिच्या भिली वा पावरी बोलीत मन मोकळे करता यावे आणि ते समजून घेणारे माणूस तेथे हजर असावे.

यात शिक्षकांचा अवमान नाही. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणारा तोच, पहाटे मैदानावर सर्वांआधी उभा राहणाराही तोच. अशा शिक्षकाला पालकांच्या प्रश्नाची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट, प्रश्न विचारणारा पालक त्याच्या कामाचा भागीदार असतो. पालकाने निर्धास्तपणे विचारावे आणि शिक्षकाने न रागावता उत्तर द्यावे, एवढे जेथे घडते, तेथील शिस्त मुलाला जाचत नाही; ती त्याला घडवते.