कादंबरी चळवळीच्या कामाची नाही काय?



गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील विहाराच्या वाचनालयापुढे एक प्रस्ताव आला. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना जागा हवी, म्हणून कादंबऱ्यांचे कपाट रिकामे करायचे. बाबासाहेबांचे खंड राहतील, आत्मकथने राहतील, कादंबऱ्या रद्दीत. "कादंबरी म्हणजे करमणूक. चळवळीला तिचा उपयोग काय?" एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले. मी गप्प बसले. त्या दिवशी माझ्याच पिशवीत एक कादंबरी होती आणि कुणी विचारू नये म्हणून मी तिला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते.

ते गप्प बसणे मला अजून खुपते.

ती कादंबरी म्हणजे चिनुआ अचेबे यांची १९५८ सालची 'थिंग्ज फॉल अपार्ट'. नायजेरियातील इग्बो समाजाची गोष्ट. ओकोन्क्वो हा गावातला नामांकित मल्ल. बाप आळशी आणि कर्जबाजारी, त्याची लाज वाटून हा आयुष्यभर कठोर होत जातो. मी ती अभ्यास म्हणून वाचत नव्हते. दिवसभराच्या धावपळीनंतर रात्री मजेसाठी वाचत होते, आणि रमले. याम नावाच्या कंदाची शेती, कुस्त्या, पाहुण्यापुढे फोडायचे कोलाचे फळ. गोरे मिशनरी आले तेव्हा मी पूर्णपणे गावाच्या बाजूने होते.

आणि मग ओसू आले.

ओसू म्हणजे देवाला वाहिलेली माणसे. त्यांची वस्ती वेगळी. इतरांशी लग्नसंबंध नाही. केस कापायची मनाई. मेल्यावर पुरायचे ते अपवित्र मानलेल्या जंगलात. मुलाबाळांच्या वाट्यालाही हेच. ही माणसे चर्चमध्ये येऊन बसतात तेव्हा विरोध कोण करते? आधीच ख्रिस्ती झालेले लोक! तिथला धर्मोपदेशक मात्र मागे हटत नाही, आणि ओसूंनाही सांगतो की डोक्यावरची ही जुन्या श्रद्धेची खूण आधी उतरवा. (धम्म स्वीकारूनही सोयरिकीच्या वेळी पोटजात विचारणाऱ्या आपल्या बांधवांनी हे प्रकरण जरूर वाचावे.)

मी पुस्तक मिटून बसले. अर्ध्याहून अधिक कादंबरी मला ते गाव सुंदर वाटत होते, आणि त्याच गावाच्या कडेला आपल्यासारखी माणसे राहत होती. मला त्यांची आठवणही झाली नव्हती. मी समाजशास्त्राची एम.ए., गावगाड्यावर पेपर लिहिलेली. खेड्याबद्दल बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत काय बोलले, ते मी भाषणांत सांगत असते. तरी फसले. सवर्ण वाचक गावाकडच्या गोष्टींत रमतो तेव्हा त्याला काय दिसत नाही, हे मला पहिल्यांदा आतून कळले. पाठ्यपुस्तकाने हे कधी शिकवले नव्हते, कारण पाठ्यपुस्तकात मी कधी रमलेच नव्हते.

त्यानंतर अण्णाभाऊंची 'फकिरा' काढली. १९५९ ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पण आपल्यापैकी किती जणांनी ती शेवटपर्यंत वाचली आहे? मीही भाषणापुरतीच चाळली होती. यावेळी गबऱ्या घोड्यासकट वाचली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी फकिरा धान्य लुटायला निघतो, तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. त्यातले विष्णुपंत कुलकर्णी मात्र आमच्या एका सहकाऱ्याला पटत नाहीत. कुलकर्णी इतका भला दाखवायला नको होता, असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, अण्णाभाऊंना माणूस दाखवायचा होता. तासभर वाद झाला, चहा गार झाला. आमच्या बैठकांत इतक्या जीव तोडून कुणी बोलत नाही.

स्पर्धा परीक्षेची पुस्तके नकोत असे मी म्हणत नाही. त्याच वाचनालयात बसून माझा धाकटा भाऊ नोकरीला लागला. पण आपल्या पोरांनी वाचायचे ते फक्त नोकरीसाठी किंवा भाषणासाठी, आणि मजेसाठी वाचायचे ते ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांनी, ही वाटणी कुणी केली? ती आपणच का मान्य करायची?

येत्या रविवारी वंदनेनंतर पुन्हा बैठक आहे. कपाट खिडकीकडे सरकवले तर एका नव्या रॅकची जागा निघते. मी टेप घेऊन मोजून आले आहे.