हिशेबात स्वतःचं नाव कुठाय?

आषाढ लागला की आमच्या गावातल्या मंगल कार्यालयांना फारसं काम उरत नाही. मुहूर्त संपलेले असतात, खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. अलीकडे मात्र या रिकाम्या दिवसांत तिथं सेमिनार भरायला लागलेत. गेल्या वर्षी आमच्या वहिनी अशाच एका सेमिनारला गेल्या होत्या. ‘लघुउद्योजक महिलांसाठी माइंडसेट कार्यशाळा’, फी ४९९ रुपये, चहा-नाश्ता मोफत. जाताना इस्त्रीची साडी नेसून उत्साहानं गेल्या. आल्या त्या डोळे लाल करून.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. सात वर्षं झाली, घरातूनच चकली, शेव, भाजणी, मेतकूट करून विकतात. उन्हाळ्यात कुरडया-पापड. हाताखाली दोन बायका. त्यांच्या भाजणीला चव आहे, हे मी नणंद असूनही कबूल करते, म्हणजे बघा!

तर तिथं झालं असं. कोट घातलेले एक सर, कानाला माइक लावलेला. सुरुवातीला सगळ्यांना उभं करून ‘मी करू शकते’ असं तीनदा ओरडायला लावलं. मग एकेक कार्ड वाटलं. ‘पुढच्या वर्षी किती कमवायचंय ते लिहा, शून्यं मोजू नका!’ वहिनींनी प्रामाणिकपणे लिहिलं, एक लाख. सरांनी ते कार्ड माइकवर वाचून दाखवलं आणि म्हणाले, ‘बघा, याला म्हणतात गरीब माइंडसेट.’ सगळा हॉल हसला.

तरी वहिनींनी धीर करून हात वर केला. त्या गेल्या होत्या ते एकच प्रश्न घेऊन. आदल्या दिवाळीत, सण आठ दिवसांवर असताना त्यांच्या दोन्ही बायका काम सोडून गेल्या होत्या. पुढे दुसऱ्या दोघी ठेवल्या, त्याही टिकल्या नाहीत. ‘सर, माणसं का टिकत नाहीत?’ त्यावर उत्तर मिळालं, ‘तुम्ही लहान विचार करता, म्हणून माणसं लहान भेटतात. निगेटिव्ह माणसं आयुष्यातून काढून टाका.’

‘अहो वन्सं,’ वहिनी मला म्हणाल्या, ‘काढून कुठं टाकू? त्याच तर निघून गेल्यात!’

आणि खरी गोष्ट पुढंच होती. संध्याकाळी ‘ॲडव्हान्स्ड बॅच’ची घोषणा झाली. फी तीस हजार, पण आजच नाव नोंदवलं तर अठरा. वहिनींनी दोन हजार भरून टाकले होते. उरलेले सोळा भिशी लागली की शुक्रवारी.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्या गावात चाललंय असं समजू नका. तालुक्याच्या गावात अशा सरांना गर्दी का होते, याचाही विचार करायला हवा. गेल्या दहा-बारा वर्षांत घरबसल्या उद्योग करणाऱ्या बाईला पैसे द्यायला सगळे पुढं आले. २०१५ साली मुद्रा योजना आली, पन्नास हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळू लागलं. अन्नप्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगांना प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान देणारी केंद्राची योजना २०२० साली आली. बचत गटातल्या बाईच्या घराचं उत्पन्न वर्षाला लाखाच्या वर नेणारी ‘लखपती दीदी’ २०२३ मध्ये जाहीर झाली, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तिचं उद्दिष्ट दोन कोटींवरून तीन कोटी बायकांवर गेलं. (वहिनींनी कार्डावर एक लाख लिहिलं ते सरकारच्याच हिशेबानं लखपती होतं बरं का! सरांना ते ठाऊक नसावं.)

कर्ज मिळतं, मशीन मिळतं, पॅकिंग कसं करायचं, लेबल कसं लावायचं याचं प्रशिक्षणही मिळतं. पण कामाला येणाऱ्या बाईनं महिन्यात तिसरा खाडा केला तर तिला काय बोलायचं, तिनं उचल मागितली तर किती द्यायची, नात्यातली असेल तर हजेरी मांडायची की नाही, हे कुणी सांगत नाही. बाई एका रात्रीत मालकीण होते, आणि मालकीण कसं व्हायचं हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं. ती रिकामी जागा या सरांनी बरोबर हेरलीय.

माझं मत विचाराल तर तेव्हा ते फार तडकाफडकी होतं. माइंडसेट वगैरे सगळा वाऱ्यावरचा धंदा, असं मी वहिनींना सुनावलं. नंतर मात्र एक गोष्ट वाचनात आली आणि जरा गप्प बसले. आफ्रिकेत टोगो नावाचा छोटा देश आहे. त्याची राजधानी लोमे. तिथं दीड हजार छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीचं शिक्षण दिलं, हिशेब, विक्री, कामगार, कागदपत्रं वगैरे. दुसऱ्या गटाला मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेलं शिक्षण दिलं. स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, पुढच्या अडचणीचा अंदाज आधी कसा बांधायचा, अडलं तर दुसरी वाट कशी शोधायची. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. पुढची दोन-अडीच वर्षं त्यांच्या धंद्यावर लक्ष ठेवलं. पुढाकाराचं शिक्षण घेतलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या मानानं सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. हिशेबाचं शिक्षण घेतलेल्यांचा ११ टक्के, आणि तोही खात्रीनं सांगता येण्यासारखा नाही. बायकांच्या बाबतीत तर ४० आणि ५ टक्के! २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं.

म्हणजे डोक्यातल्या विचारांनी फरक पडतो, हे खरंच. पण तिथं काय केलं होतं तेही बघा. चार आठवड्यांत मिळून छत्तीस तास वर्ग. नंतर चार महिने शिकवणारा माणूस दर महिन्याला प्रत्येकाच्या दुकानात जाऊन तीन-तीन तास बसायचा. तुमचं काय अडलंय, मागच्या वेळी ठरवलं ते केलं का, हे विचारायचा. आमच्या मंगल कार्यालयात एका दुपारी दोनशे बायकांना ओरडायला लावणं आणि हे, दोन्हीला एकच नाव द्यायचं म्हणजे कमाल आहे.

शुक्रवार यायला चार दिवस होते. म्हटलं, कुणी दारात येऊन बसत नाही ना, मग मीच बसते. वहिनींची वही काढली. वही चोख! तेल, डाळ, गिरणी, गॅस, पिशव्या, सगळं तारखेनिशी. चकलीला किलोमागं अडीचशे खर्च, विक्री तीनशे चाळीस. ‘नव्वद सुटतात की,’ वहिनी म्हणाल्या.

दिवसाला तिघी मिळून दहा किलो. म्हणजे नऊशे रुपये. त्यातून दोघींची रोजंदारी साडेतीनशे-साडेतीनशे, सातशे गेले. गिरणीच्या फेऱ्या आणि माल पोचवायला दादाच्या स्कूटरचं पेट्रोल, ते वहीत नव्हतं, ते धरले पन्नास. राहिले दीडशे. पहाटे पाचला भाजणी मळण्यापासून रात्री नऊला शेवटचा डबा बंद करेपर्यंत.

‘वहिनी, हाताखालच्या बाईला साडेतीनशे आणि तुम्हाला दीडशे?’

त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मी घरचीच आहे की. माझी कसली मजुरी?’

हे वाक्य मी डोक्यात ठेवलं, कारण दुसऱ्या दिवशी तेच वाक्य मला दुसऱ्या बाजूनं ऐकायला मिळालं. काम सोडून गेलेल्या दोघींपैकी एक आमच्या मागच्या आळीत राहते. सहज बोलता बोलता विचारलं, का सोडलंस गं? ती म्हणाली, ‘ताई, कामाचं काय नाय हो. वैनी सोभावानं लई चांगल्या. पण पैसे मागायला लागायचे. गिऱ्हाइकाचे आले की देते म्हणायच्या. परत मागितलं तर म्हणायच्या, तू घरचीच हायेस, कुठं पळून जातीय. मागताना लाज वाटती. पोराची फी भरायची होती, आन् दुसरीकडं शनिवारच्या शनिवारी पैसे मिळत होते.’

घरचीच! ज्या शब्दानं वहिनींनी स्वतःला हिशेबातून पुसलं, त्याच शब्दानं हाताखालच्या बाईलाही पुसलं. मायेनं, मुद्दाम नाही. पण पुसलं. चकली उधारीवर न्यायची शेजारणींनी आणि ती उधारी सोसायची मळणाऱ्या बाईनं, असं चाललं होतं. त्यात लहान माणूस कोण आणि निगेटिव्ह कोण?

आपल्याकडं याचं उत्तर कुणी शोधलंच नाही असं नाही. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते लिज्जत. तिथं पापड लाटणारी प्रत्येक बाई सभासद आणि भागीदार. लाटण्याच्या मजुरीला वणाई म्हणतात, ती रोजच्या रोज द्यायची पद्धत. आणि ती रोज देता यावी म्हणून माल नेणाऱ्या वितरकाकडून पैसे रोखीनं घ्यायचे. बघा, किती साधी गोष्ट! आधी बाईच्या हातातला पैसा ठरवला आणि मग विक्रीचा नियम त्याला जुळवून घेतला. आपण उलटं करतो. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून बाईला थांबवतो.

आणि बायकांना हिशेब कळत नाही, हे तर मला मुळीच पटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. अर्जावर बायकांचे अंगठे होते. बायका गावी येऊन अक्षरं शिकल्या आणि परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा! १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. त्या बायकांचा माइंडसेट कुणी मंगल कार्यालयात बदलला नव्हता. व्याज तोंडपाठ असलेली बाई स्वतःच्या मजुरीच्या रकान्याशी येऊन मात्र थांबते, कारण तो रकाना मांडणं म्हणजे हावरटपणा, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं.

असो. शुक्रवारी भिशी लागली, पण वहिनी गेल्या नाहीत. भरलेले दोन हजार परत मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून सांगण्यात आलं, तसं पावतीवर कुठंही नव्हतं. मग पावती जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

भिशीच्या पैशातून त्यांनी चार हजार बाजूला काढले, मजुरीसाठी. गिऱ्हाईक देवो न देवो, शनिवारी बाजाराच्या आधी बायकांचे पैसे द्यायचे. उचल दोन हजारांच्या वर नाही, आणि ती वहीत दोघींच्या सहीनं. चकली तीनशे चाळीसची चारशे केली. भाव ऐकून चार गिऱ्हाइकं गेली, त्यातलं एक दादाच्या ऑफिसातल्या साहेबांचं घर, त्यावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली. आईला तर वहिनी स्वतःची मजुरी वेगळ्या पाकिटात ठेवतात हेच पटलं नाही. ‘घरच्या पैशाला पाकीट कशाला?’ म्हणाली. वहिनींनी वाद घातला नाही. पाकीट मात्र दर शनिवारी भरलं. माझ्या मते तेच बरं. घरात तत्त्व मांडत बसलं की पाकीट राहतं बाजूला.

गेल्या दिवाळीत मागच्या आळीतली ती बाई परत कामावर आली. दुसरी आली नाही. ती आता स्वतःच चकली करते, वहिनींच्याच पद्धतीची भाजणी, आणि विकते साडेतीनशेला. वहिनींना राग आला, मग हसूही आलं. ‘वन्सं, आता हे कुणाला विचारायचं हो? शिकवली मी, आणि गिऱ्हाईक तिचं!’ मी म्हटलं, तिला एकदा विचारा तरी, स्वतःची मजुरी लावलीय का ते. साडेतीनशेत लावलेली नसणार.

त्यांनी अजून विचारलेलं नाही. आणि मीही एक गोष्ट त्यांना सांगितलेली नाही. मागच्या आठवड्यात त्या बाईकडून मी अर्धा किलो चकली आणली. चांगली झाली होती.