विनोदी भयपट: खंडन आणि मंडन

विनोदी भयपटावर तीन आक्षेप घेतले जातात: हशा पिकला की भीती मरते, हा प्रकार परका आहे आणि त्यातून अंधश्रद्धा फोफावते. तिन्ही आक्षेप तपासले असता टिकत नाहीत.

पहिल्या आक्षेपाला ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) हा ब्रिटिश चित्रपट उत्तर देतो. त्यातल्या पाच कथांपैकी चौथी, गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची कथा विनोदी आहे. तिच्या पाठोपाठ शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्याची सर्वांत भयानक कथा येते. हसून सैलावलेला प्रेक्षक तिच्या तावडीत अधिकच सापडतो. अमेरिकेत प्रदर्शनापूर्वी गोल्फची आणि आणखी एक कथा कापली गेली. परिणामी शेवटच्या दुःस्वप्नात त्या कथांमधली माणसे विनाकारण उगवू लागली.

दुसरा आक्षेप परंपरा विसरतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या भवानीच्या नावाने होणाऱ्या गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि साथीदार खोडकर प्रश्नांनी हसवतो; देवीचा दरारा त्याने उणावत नाही. कोकणच्या दशावतारातला संकासुर राक्षसही आहे आणि विनोदवीरही. ‘झपाटलेला’ (१९९३) या मराठी चित्रपटाची कल्पना अमेरिकी चित्रपट ‘चाइल्ड्स प्ले’वरून आली, हे खरे. पण दिग्दर्शक महेश कोठारे यांनी नायक लक्ष्यालाच शब्दभ्रमाचा नाद लावला आणि तात्या विंचू या गुंडाचा आत्मा शिरलेला बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हाती सोपवला. पाध्ये घराण्याच्या अर्धवटराव या बाहुल्यावर पिढ्यान्‌पिढ्या हसलेल्या प्रेक्षकाला तसाच बोलका बाहुला आता घाबरवू लागला. उसन्या कल्पनेला मराठी मुळे फुटली ती इथे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ‘ओह, मिस्टर पोर्टर!’ (१९३७) या ब्रिटिश चित्रपटात भुताच्या अफवेआड शस्त्रांचे चोरटे व्यापारी निघतात. तिथे विनोदच भ्रम फोडतो. मराठी चित्रपटांत भूत बहुधा खरे असते. तरीही महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख अमानुष प्रथांवर आणि फसवणुकीवर आहे, कथेवर नाही. भुताला हसणे जिथे पाप मानले जाते, तिथेच भोंदूचा धंदा तेजीत चालतो.

मात्र मंडनालाही अट आहे. भुताचा धोका खराच राहिला पाहिजे. ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचूला लक्ष्याचे शरीर हवे आहे, ही टांगती तलवार चित्रपट कधीच काढून घेत नाही. लक्ष्याचा विनोद त्याच्या घाबरण्यातून उपजतो. ही अट पाळणारा विनोदी भयपट भयपटाच्याच तोलाचा मानला पाहिजे.