मालदांडीचे पन्नास रुपये

२८ मे २०२५ ला केंद्रानं खरिपाच्या चौदा पिकांचे हमीभाव जाहीर केले. ज्वारीच्या वाट्याला नेहमीप्रमाणे दोन ओळी आल्या: हायब्रीड ३६९९ रुपये क्विंटल, मालदांडी ३७४९. फरक पन्नास रुपयांचा. मालदांडी ही रब्बीची ज्वारी आहे, पाऊस ओसरल्यावर पेरतात, हे माहीत असूनही तिला खरिपाच्या पंगतीत बसवण्याची रीत जुनीच आहे. त्या खेपेला डोळ्यात खुपली ती तक्त्याखालची टीप. हायब्रीडपुढे उत्पादन खर्च २४६६ रुपये छापलाय, त्यावर पन्नास टक्के चढवले की बरोबर ३६९९ होतात. मालदांडीपुढचा खर्चाचा रकाना मात्र रिकामा. 'अ' दर्जाचा भात, लांब धाग्याचा कापूस आणि मालदांडी यांच्या खर्चाची आकडेवारी वेगळी गोळा केली जात नाही, असं ती टीप सांगते. म्हणजे हे पन्नास रुपये कुठल्या हिशेबातून आलेले नाहीत. २०२१-२२ मध्ये हा फरक वीस रुपये होता, २०२३-२४ मध्ये पंचेचाळीस. ताटाखाली दक्षिणा सरकवावी तसा तो सरकवला जातो.

या दोन ओळींमध्ये आपल्या पीक-संशोधनाचा अख्खा इतिहास आहे, म्हणून त्या जरा उलगडून पाहू. वरच्या ओळीची मूळ पूर्वज सीएसएच-१, देशातली पहिली संकरित ज्वारी, १९६४ साली आली. तिच्या मागची विद्या टेक्ससची. १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मिलो आणि काफिर या दोन ज्वाऱ्यांच्या मेळातून नर-वंध्य झाड मिळवण्याची रीत शोधली आणि संकरित बियाणं भरपूर प्रमाणात तयार करणं शक्य झालं. (बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर जी लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले, ती याच कुळातली. तिची भाकरी ज्यांनी नाइलाजानं गिळली, त्यांना हा ऋणानुबंध कळवायला हवा.) सीएसएच-१ ची मादी होती कंबाइन काफिर-६०. नावातला 'कंबाइन' म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र. अमेरिकेत ज्वारी ठेंगणी केली ती यंत्राच्या पात्याला कणसं सरळ सापडावीत म्हणून. तिथं धाटाला किंमत नव्हती, उंची हा दोष होता. खालच्या ओळीतली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर तयार झाली, तीही शेतकरी पेरत होते त्याच मालदांडीतून चांगली ताटं निवडून. ती डोक्याच्या वर जाते, दाणा टपोरा, पांढरा, चकाकीचा. पिठाची विरी टिकते, भाकरी थापताना कड फुटत नाही. काळ्या रानात साठलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दहिवरावर ती चार महिने काढते. तिच्यानंतर रब्बीसाठी संकरित वाण आले नाहीत असं नाही. नावापुढे 'आर' लावलेली त्यांची रांगच आहे, सात-आर, आठ-आर, पंधरा-आर. रब्बीच्या पट्ट्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि नव्वद वर्षांची मालदांडी अजून पाभरीखाली जाते.

हे का झालं, याचं विद्यापीठांतलं ठरलेलं उत्तर म्हणजे शेतकरी नवं स्वीकारत नाही. तोच शेतकरी बीटी कापूस थोड्याच हंगामांत स्वीकारतो, तेव्हा हे उत्तर कुठं जातं कोण जाणे. खरं कारण मोजमापात आहे. संशोधन केंद्रावरच्या चाचणीत वाण जिंकतो तो मुख्यतः हेक्टरी किती क्विंटल दाणा पडला यावर. सोलापूर, मंगळवेढा, जामखेडकडचा शेतकरी वावरातून दोन पिकं घरी आणतो, दाणा आणि कडबा. कडबा पेंढीवर मोजतात, शेकड्यावर विकतात, आणि दुष्काळी सालात दारातली दोन जनावरं बाजारात न्यायची की नाही हे त्या गंजीवर ठरतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की चाऱ्याची किंमत धरल्याशिवाय शेतकऱ्याची वाणाची निवड समजत नाही आणि पैदाशीचं धोरणही नीट आखता येत नाही. ठेंगणा संकरित वाण दाण्यात चार पोती जास्त देईल, पण गंज निम्मी करील. हा व्यवहार ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्याला तोट्याचा आहे. दुधाचं संशोधन एका इमारतीत, ज्वारीचं दुसऱ्या इमारतीत, आणि दोघांच्या मधली गंज कुणाच्याच खात्यावर नाही. पीक कापणी प्रयोगातही दाणा तोलतात, कडबा बांधावर पडून राहतो, आणि विम्याचं उंबरठा उत्पन्न त्या दाण्यावरच ठरतं. पण सरकारी कागदावर कडबा अगदीच अदृश्य आहे असंही नाही. क्विंटलचा उत्पादन खर्च काढताना एकूण खर्चाची वाटणी मुख्य आणि दुय्यम उत्पादनाच्या किमतीच्या प्रमाणात केली जाते. कडबा जितका महाग, तितका खर्चाचा मोठा भाग त्याच्या नावावर जातो आणि दाण्याचा खर्च तितका कमी दिसतो. वाण निवडताना कडबा फारसा मोजायचा नाही आणि भाव ठरवताना वजा करायला तेवढा आठवायचा, ही चतुराई वाखाणण्यासारखी आहे.

हायब्रीडनं देशाचं पोट भरलं हे विसरता का, असं कुणी विचारील. विसरत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या खरिपात सीएसएच-५, सीएसएच-९ यांनी उत्पादन खरोखर वाढवलं, आणि रोजगार हमीच्या काळात त्या ज्वारीनं लाखो चुली पेटत्या ठेवल्या. पण तिथंही लवकर येणारा वाण नेमका परतीच्या पावसात सापडला, दाणा बुरशीनं काळा पडला आणि ज्वारी भाकरीऐवजी कोंबडीखाद्याकडे आणि दारूच्या भट्टीकडे वळली. मग सोयाबीन आलं आणि खरीप ज्वारीला राखायला कुणीच थांबलं नाही. मराठीत 'हायब्रीड' हा शब्द बेचव माणसालाही लावतात, तो या काळाचा शेरा आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रब्बी ज्वारीचं सरासरी उत्पादन हेक्टरी दहा क्विंटलच्या आतबाहेर अडखळतं, मग मालदांडीचं कौतुक कशाला? आकडा खरा आहे. पण तो जितका वाणाचा आहे तितकाच जमिनीच्या खोलीचा आणि फुलोऱ्यानंतर संपणाऱ्या ओलीचा आहे. शेवटच्या महिन्यात ओल तुटली की खडखड्या रोग येतो, ताटं आतून पोकळ होऊन आडवी पडतात, मग वाण कोणताही असो. मालदांडीलाही तो येतो आणि खोडमाशीही लागते, तिचं देऊळ बांधा असं आमचं म्हणणं नाही.

शिवाय मालदांडी म्हणजे विज्ञानाविरुद्धची परंपरा, हा समजही चुकीचा. एम ३५-१ हे शास्त्रज्ञांचंच काम आहे. फक्त त्यांनी सुरुवात शेतकऱ्याच्या कणगीपासून केली. हाच धागा राहुरीच्या विद्यापीठानं पुढं धरला तेव्हा यश मिळालं. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, अशी खोली पाहून केलेली शिफारस हे गेल्या पंचवीस वर्षांतलं सर्वांत समंजस पीक-संशोधन आहे असं माझं मत आहे. परभणीची मोती घ्या, तिचं नावच दाण्यावरून पडलंय. या वाणांनी मालदांडीला बाजूला सारायचं तर तिच्या भाकरीशी आणि तिच्या गंजीशी बरोबरी करूनच, हे तिथल्या पैदासकारांना कळलंय. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात या दाण्याचा आणि खरीप हायब्रीडचा भाव पन्नास रुपयांच्या अंतरानं चालत नाही, हे कुठलाही अडत्या सांगेल. ज्याचा खर्चच कुणी काढलेला नाही त्याचा हमीभाव बाजारामागे धापा टाकत येणारच.

हमीभावाच्या दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, 'विकसित कृषी संकल्प अभियान' सुरू झालं. शास्त्रज्ञांची पथकं पंधरा दिवस गावोगाव फिरणार होती आणि प्रयोगशाळेतलं ज्ञान शेतापर्यंत नेणार होती. सोबत ड्रोनही होते, त्याशिवाय हल्ली ज्ञान उडत नाही. शास्त्रज्ञ बांधावर आले याचा आनंदच आहे. पण बाणाची दिशा पुन्हा तीच, प्रयोगशाळेकडून शेताकडे. मोहोळला बाण उलटा होता. मंगळवेढ्याच्या शिवारात त्या दिवसांत पथकाला ज्वारीचं एक ताटही उभं दिसलं नसेल. रान काळंभोर आणि मोकळं असणार, पहिल्या पावसानंतरच्या कुळवाच्या पाळीची वाट पाहणारं. दिसलीच असेल तर गोठ्यामागं उरलेली कडब्याची गंज, दोन म्हशी तिला रोज थोडी थोडी खाली आणत असतील. पथकं १२ जूनला परतली. मालदांडीची पेरणी सप्टेंबरात असते.